‘प्यायलाय’ म्हणण्याआधी : बेघर माणसांसोबत काम सुरू करणाऱ्यांसाठी

थंडीची पहिली लाट आली की गाडीत पन्नास जाड ब्लँकेटं भरायची, रात्री अकराला रस्त्यावर वाटायची आणि घरी येऊन समाधानाने झोपायचं. बहुतेकांची सुरुवात अशीच होते. आठवड्याने त्याच जागी गेलं तर निम्मी ब्लँकेटं दिसत नाहीत, आणि निष्कर्ष तयारच असतो : ‘विकली असणार.’ एखाददुसरं विकलंही असेल. पण जाड ब्लँकेट एकदा भिजलं की वाळता वाळत नाही. दिवसा ते ठेवायला जागा नसते, खांद्यावर टाकून कामावर जाता येत नाही, आणि सकाळी झाडलोट करणारे बेवारस गाठोडं समजून ते उचलून नेतात. ज्याला आपला सगळा संसार अंगावर वागवावा लागतो, त्याच्यासाठी प्रत्येक वस्तूला वजन असतं. देताना ते मोजायचं राहून गेलेलं असतं.

बेघरांविषयीचे गैरसमज हा भाषणाचा विषय समजला जातो. रस्त्यावर काम करताना मात्र तो साधा कामातला दोष असतो. गैरसमजापोटी चुकीची वस्तू दिली जाते, आजार ओळखू येत नाही, निवाऱ्याचे नियम उफराटे होतात. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये सेवा एकीकडे आणि प्रबोधन दुसरीकडे अशी वाटणी केलेली नाही.

पायरी १ : दोन आठवडे काही देऊ नका, फक्त बघा

हे जड जातं, पण करा. एक वही घ्या आणि आपल्या ठरलेल्या भागात दोघांनी मिळून फिरा. एकट्याने जाऊ नका. जोडीत शक्यतो एक बाई असावी. तीन वेगवेगळ्या वेळा निवडा : रात्री दहाच्या सुमारास, पहाटे पाचला आणि भर दुपारी. वहीत एवढंच टिपायचं : पिण्याचं पाणी कुठे मिळतं, शौचालय किती वाजता उघडतं आणि किती वाजता बंद होतं, पाऊस आला तर लोक कुठे सरकतात, आधीपासून कोण कोणत्या वारी काय वाटतं. शेवटची नोंद फार कामाची. शनिवारी एकाच कोपऱ्यावर तीन गट जेवण घेऊन येतात आणि मंगळवारी कोणीच फिरकत नाही, असं चित्र हमखास दिसतं. तसं असेल तर तुमचा वार मंगळवार.

झोपलेल्यांच्या तोंडावर बॅटरी मारू नका. मोजणी करत असाल तरी उजेड जमिनीकडे ठेवा. नावं आणि झोपायच्या नेमक्या जागा लिहिलेला कागद कुठेही सोडू नका. तो भलत्याच्या हातात पडला तर त्या माणसाला तिथून उठवलं जाऊ शकतं, आणि एखादी बाई ज्याच्यापासून पळून आली आहे तो तिला शोधू शकतो.

बघताना एक गोष्ट ध्यानात असू द्या. डोळ्यांना दिसणारे बेघर हे सगळे बेघर नव्हेत. युरोपातल्या बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थांचा महासंघ ‘फेआन्त्सा’ याने २००५ मध्ये एक वर्गवारी मांडली. तिच्यात चार प्रकार आहेत : डोक्यावर छप्परच नसलेले, छप्पर आहे पण घर नाही असे, म्हणजे निवाऱ्यात किंवा तात्पुरत्या सोयीत राहणारे, घर आहे पण कधीही हातचं जाईल असे, उदाहरणार्थ मारझोड होणाऱ्या घरात अडकलेले, आणि राहण्यालायक नसलेल्या जागेत दाटीवाटीने राहणारे. नातेवाइकांकडे आज इथे, उद्या तिथे करणारी बाई, कामाच्याच जागी रात्री पडून राहणारा मुलगा, गाडीत झोपणारं कुटुंब यांच्याकडे पाहून कोणालाही ‘बेघर’ हा शब्द सुचत नाही. बायका तर मुद्दाम नजरेआड राहतात, कारण उघड्यावर दिसणं त्यांना परवडत नाही. रात्रीच्या मोजणीत त्या कमी भरतात त्यामागचं एक कारण हेच.

पायरी २ : पहिलं बोलणं

अंथरूण म्हणजे त्या माणसाचं घर, हे धरून चाला. पुठ्ठ्यावरून ओलांडून जाऊ नका, पिशवीला हात लावू नका, उशाशी उभं राहू नका. समोरून, दिसेल असं या. दोन हात अंतरावर थांबा. तो बसलेला असेल तर तुम्हीही खाली बसा. वरून खाली वाकून बोललं की चौकशीचा सूर लागतो. मग नाव सांगा, किती वेळ थांबणार ते सांगा, आणि विचारा :

‘नमस्कार, मी अमुक. आम्ही दर मंगळवारी इकडे येतो. दोन मिनिटं बसू का?’

‘कशाला?’

‘काही अडलं-नडलं असेल तर विचारायला. नको असेल तर उठतो.’

‘नको.’

‘बरं. पुढच्या मंगळवारी आहोत.’

आणि खरंच उठा. ‘नको’ ऐकून तुम्ही उठलात, ही त्या माणसाच्या लेखी मोठी घटना असते. तिसऱ्या-चौथ्या मंगळवारी तो आपणहून काहीतरी विचारतो. विश्वास वस्तूंनी बसत नाही, ठरलेला वार पाळल्याने बसतो. म्हणून उत्साहाच्या भरात आठवड्यातून चारदा येऊन महिन्याने गायब होण्यापेक्षा आठवड्यातून एकदा, दोन तास, सलग तीन महिने हा हिशेब बरा.

पहिल्या भेटीत ‘इथे कसे आलात?’ हा प्रश्न नको. त्याचं उत्तर बहुधा आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवसातून जातं आणि ते ऐकून तुम्ही काही करू शकणार नसता. ‘आत्ता काय अडलंय?’ असं विचारा. उत्तरं छोटी येतात : चप्पल तुटलीय, मोबाइल चार्ज करायचाय, दाढ दुखतेय. यांतलं एक काम करता आलं तरी पुष्कळ झालं.

‘बघतो’ हा शब्द वापरूच नका. आपल्याकडे ती नकाराची सभ्य पद्धत आहे. रस्त्यावर तो शब्द होकार म्हणून ऐकला जातो. जमणार असेल तर वार सांगा, नसेल तर ‘हे आमच्याकडून होणार नाही’ असं सरळ सांगा. हाक कशी मारायची तेही विचारून घ्या. काका, मावशी, दादा, ताई आपल्या तोंडात सहज येतात, पण चाळिशीच्या माणसाला ‘बाबा’ म्हटलेलं रुचत नाही, आणि कित्येकांना कितीतरी दिवसांत स्वतःच्या नावाने हाक ऐकू आलेली नसते. वय दिसत असो वा नसो, ‘अहो-जाहो’ सोडू नका.

पायरी ३ : पिशवीत काय

साधारण वीस माणसांसाठी दोघांच्या पाठपिशव्यांत हे मावतं :

– मोजे ४० जोड, दोन मापांत. माणशी दोन, म्हणजे एक पायात आणि एक वाळत.
– पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या १०. बाकीच्यांना जवळचा नळ दाखवता आला पाहिजे.
– ओआरएसची १० पाकिटं. नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा आणि मिठाचा अर्धा सपाट छोटा चमचा. मीठ अंदाजाने टाकू नका. जास्त झालं तर अपाय होतो.
– सॅनिटरी पॅड, न दिसणाऱ्या कागदी पिशवीत पाच-पाच. बाईनेच, बाजूला घेऊन द्यावेत.
– निर्जंतुक गॉज, पट्टी, हातमोज्यांचे २० जोड, साबणाच्या लहान वड्या.
– चेन असलेल्या जलरोधक पिशव्या, कागदपत्रांसाठी.
– निवारा, दवाखाना, मोफत जेवण, शौचालय यांच्या वेळा छापलेली तळहाताएवढी चिठ्ठी. महिन्यातून एकदा या वेळा स्वतः फोन करून तपासा. बंद पडलेल्या जागेचा पत्ता देऊन एखाद्याला चार किलोमीटर चालवलंत तर तो पुन्हा तुमचं ऐकणार नाही.

काय नेऊ नये? काचेच्या बाटल्या, उघडायला हत्यार लागेल असे डबे, आणि अल्कोहोल असलेलं सॅनिटायझर किंवा माउथवॉश. व्यसनाच्या टोकाला असलेला माणूस ते पिऊ शकतो आणि त्यातून विषबाधा होऊ शकते. वापरलेली अंतर्वस्त्रं तर कधीच नाहीत. ती नवीनच द्यावीत. जुने कपडे द्यायचे तर धुऊन, माप चिकटवून, बटणं आणि चेन तपासून. ‘त्यांना काय, काहीही चालतं’ हा समज कपड्यांच्या ढिगात सगळ्यात उघडा पडतो. फाटकी चेन लावून कोणी काम मागायला जात नाही.

बुटांचं माप सकाळी घेऊ नका. दिवसभर उभं राहून पाय सुजतात. संध्याकाळी, मोजे घालून, कागदावर पावलाची रेघ मारून घ्या आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा धरा.

अन्नाबाबत थोडक्यात. शिजवलेलं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड राहिलं पाहिजे. मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून दोन तासांच्या आत वाटून संपवा. समारंभातलं उरलेलं, कधी शिजवलं ते माहीत नसलेलं अन्न घेऊ नका, देणारा कितीही आग्रह करो. जुलाब लागले तर घरातल्या माणसाला संडास असतो. रस्त्यावरच्याला बंद शौचालयाचं कुलूप असतं. दात नसलेल्यांसाठी मऊ, मधुमेहींसाठी कमी गोड असा एक भाग वेगळा ठेवा. आणि पाच दिवसांहून अधिक काळ जवळपास उपाशी असलेला माणूस भेटला तर त्याला भरपेट वाढू नका. लांब उपासानंतर एकदम खाल्लं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम घसरून हृदयावर ताण येऊ शकतो. थोडं थोडं द्या आणि दवाखान्यात न्या.

पायरी ४ : पाय

सगळ्या तक्रारींत पायाची तक्रार पहिली, आणि तीच सगळ्यात कमी सांगितली जाते. कारण सोपं आहे. दिवसभर चालायचं, ओल्या फरशीवर उभं राहायचं आणि रात्री बूट चोरीला जातील म्हणून ते घालूनच झोपायचं. कातडीला वाळायला वेळच मिळत नाही.

परवानगी घेऊन पाय बघा. हातमोजे घाला, प्रत्येक माणसागणिक बदला. मोजा ओढून काढू नका. जखमेला चिकटलेला असेल तर आधी स्वच्छ पाण्याने भिजवा. मग पाय धुवा, आणि बोटांच्या बेचक्या एकेक करून कोरड्या करा. घाण बेचक्यांतच बसते आणि घाईत पुसताना त्याच राहून जातात. आता नीट पाहा. कातडी पांढरी, फुगलेली, सुरकुतलेली असेल, पाय बधिर असेल आणि ऊब लागली की आग होत असेल, तर तो ओलाव्याने बिघडलेला पाय आहे. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. दिवस-रात्र ओला राहिला तरी पुरे. असा पाय चोळू नये, शेकोटीजवळ नेऊ नये. कोरडा करावा, थोडा उंच ठेवावा, कोरडा मोजा घालावा आणि डॉक्टरला दाखवावा. मधुमेह असलेल्यांना जखम पुष्कळदा दुखतच नाही, म्हणून त्यांच्या टाचा आणि बोटांची टोकं आपण डोळ्यांनीच तपासायची. काळी पडलेली जागा, वास किंवा वर चढत जाणारी लाली दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय. अळ्या पडलेल्या असतील तर घरगुती औषधांचे प्रयोग करू नका. स्वच्छ कापडाने झाका आणि घेऊन चला. भोवऱ्या, कुरुपं ब्लेडने कापणं हे आपलं काम नव्हे.

रात्रीसाठी एक उपाय सुचवता येतो : बूट पिशवीत घालून तीच पिशवी उशाला घ्यायची, नाडी मनगटाला बांधायची. पाय सात-आठ तास मोकळे राहिले तरी फरक पडतो.

अंगभर खाज, विशेषतः रात्री वाढणारी आणि बोटांच्या बेचक्यांत पुळ्या असलेली, ही बहुधा खरूज. औषध दवाखान्यातून मिळतं, पण नुसतं औषध देऊन भागत नाही. कपडे-अंथरूण त्याच दिवशी ६० अंशांच्या गरम पाण्यात धुतले पाहिजेत, किंवा पिशवीत घट्ट बांधून किमान तीन दिवस बाजूला ठेवले पाहिजेत. म्हणजे औषधाबरोबर बदलायचा कपड्यांचा जोडही हवा. तो दिला नाही तर पंधरा दिवसांनी खाज परत येते आणि दोष त्या माणसाच्या ‘अस्वच्छतेवर’ जातो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर क्षयाची तपासणी करून घ्या.

पायरी ५ : ‘प्यायलाय’

हा शब्द रस्त्यावर माणसं मारतो. अडखळणारी जीभ, झोकांड्या, असंबद्ध बोलणं दिसलं की जाणारा-येणारा नाक मुरडून पुढे जातो, आणि नवे कार्यकर्तेही. हीच लक्षणं आणखी कशाकशाची असतात ते पाठ करा.

शरीराचं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की माणूस बरळू लागतो, तोल जातो. कुडकुडणारा माणूस अचानक कुडकुडायचा थांबला आणि सुस्त झाला तर ती सुधारणा समजू नका, ती धोक्याची खूण आहे. ओले कपडे काढा, खाली पुठ्ठ्याचा थर घाला (अंगातली ऊब जमीन फार ओढते), छाती-पोट आधी गुंडाळा, रुग्णवाहिका बोलवा. दारूने ऊब येते हा समज खोटा आहे : कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, वरून गरम वाटतं आणि आतली उष्णता निघून जाते. उन्हाळ्यात उलट बाजू. अंग तापून ४० अंशांवर आणि त्यात गोंधळलेलं बोलणं, म्हणजे उष्माघात. रुग्णवाहिकेची वाट बघत बसू नका. सावलीत घेऊन अंगावर पाणी ओता आणि वारा घाला.

रक्तातली साखर उतरली तर घाम, थरथर, चिडचिड, गोंधळ. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर पाण्यात चार चमचे साखर द्या, पंधरा मिनिटं थांबा, फरक नसेल तर पुन्हा द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका. डोक्याला मार लागून तासाभराने जीभ जड झालेला, नुकतीच फिट येऊन गेलेला, पक्षाघाताचा झटका आलेला, हे सगळे दारुड्यासारखेच दिसतात. आणि समजा खरंच प्यालेला असेल, तरीही तो यांपैकी काही असू शकतो. बेशुद्ध पण श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा आणि कोणीतरी जवळ थांबा. फिट पाच मिनिटांहून जास्त चालली तर वेळ घालवू नका. श्वास मंदावलेला, ओठ निळसर आणि डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या असतील तर अफूच्या जातीच्या अमली पदार्थाचा अतिरेक झालेला असू शकतो. तिथे मिनिटं मोजली जातात, आणि त्यावरचा उतारा असलेलं नॅलोक्सोन हे औषध मिळत असेल तर ते वापरायचं शिकून घ्या.

त्याच्याच जोडीला आणखी एक. ‘आजपासून बंद करा, तरच मदत’ ही अट घालू नका. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक सोडली तर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भास, ताप, छातीत धडधड. वैद्यकीय देखरेख नसेल तर हे जिवावर बेततं. निर्धार कमी पडला म्हणून माणूस पुन्हा बाटलीकडे गेला असं बाहेरून दिसतं. आत शरीर थरथरत असतं.

पायरी ६ : निवारा नाकारणाऱ्याला प्रश्न विचारा

‘सोय केली तरी जात नाहीत’ ही तक्रार तुम्हालाही लवकरच करावीशी वाटेल. करण्याआधी कारण विचारा आणि वहीत लिहा. यादी लांबत जाते : नवरा-बायकोला वेगळं झोपवतात; कुत्रा आत घेत नाहीत; पिशव्या बाहेर ठेवायला लावतात आणि त्या जातात; दार रात्री नऊला बंद होतं आणि काम अकराला सुटतं; ढेकूण आहेत; मागच्या वेळी मारहाण झाली होती. प्रत्येक कारणावर तोडगा वेगळा. कुलपाचे खण बसवले, उशिरा येणाऱ्यांसाठी चिठ्ठीची पद्धत ठेवली, तरी रिकाम्या खाटा भरायला लागतात.

त्यापुढचा प्रश्न घराचा. आधी व्यसन सोड, औषधं घे, वागणूक सुधार, मग घर, अशी शिडी बरीच वर्षं चालली. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस यांनी ‘पाथवेज टू हाउसिंग’ सुरू केलं आणि क्रम उलटा केला : आधी घर, कुलूप-किल्लीसकट, आणि बाकीची मदत मागेल तशी. कॅनडात २००९ ते २०१३ दरम्यान पाच शहरांत, मानसिक आजार असलेल्या दोन हजारांहून अधिक बेघरांवर याची मोठी चाचणी झाली. अभ्यासाच्या शेवटच्या सहा महिन्यांत ‘आधी घर’ गटातले ६२ टक्के लोक सगळा काळ घरात होते, नेहमीची मदत मिळालेल्या गटात ३१ टक्के. फिनलंडने २००८ पासून हेच राष्ट्रीय धोरण केलं आणि जुने निवारे भाड्याच्या लहान घरांत बदलत नेले.

तुमच्या हातात घरं वाटणं नसेल, पण किल्ली मिळाल्यानंतरचे पहिले दोन महिने असतात. तिथे घोळ होतो. माणूस पलंग सोडून जमिनीवर झोपतो, शांततेने घाबरतो, जुन्या जागी रात्र काढून येतो, ओळखीच्या सहा जणांना घरात घेतो आणि घरमालकाची तक्रार येते. यातलं काहीही ‘त्यांना घराची सवयच नाही’ म्हणून मोडीत काढू नका. आठवड्यातून दोनदा जा. वीजबिल कुठे भरायचं ते एकदा सोबत जाऊन दाखवा. दारात आलेल्या पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं, याचीही तयारी करून घ्यावी लागते.

कागदपत्रांचं कामही असंच धिम्या गतीचं. ओळखपत्र हरवलं की दवाखाना, बँक, नोकरी सगळंच अडतं, आणि नवं काढायला पत्ता लागतो. असलेल्या कागदांचे फोटो काढून त्या माणसाच्याच ईमेलवर ठेवून द्या. मूळ कागद तुमच्याकडे ठेवून घेऊ नका. कचेरीत सोबत जाऊन रांगेत बसणं हे कंटाळवाणं काम आहे, आणि आम्ही सांगू त्या कामांत सर्वांत जास्त फळ देणारं. एकट्या गेलेल्या माणसाला ‘उद्या या’ म्हणतात. शेजारी कोणी असलं की अर्ज घेतला जातो.

पायरी ७ : वस्तीतल्या लोकांशी बोलणं

आसपासच्या रहिवाशांना शत्रू समजून सुरुवात केलीत तर संपलं. त्यांच्या बऱ्याच तक्रारी खऱ्या असतात. मोठं सभागृह घेऊ नका. तिथे जो मोठ्याने बोलतो तोच ऐकू येतो. पंधरा-वीस जण, दीड तास. फळ्यावर तीन रकाने आखा : काय पाहिलं, काय समजलो, कोणाचं काम. मग प्रत्येक तक्रार फोडा.

‘घाण करतात’ हे वाक्य घेऊ. पाहिलं काय? भिंतीजवळ पहाटे विष्ठा. समजलो काय? यांना स्वच्छतेची चाड नाही. आता तुमची पहिल्या पंधरवड्यातली वही उघडा : जवळचं शौचालय रात्री नऊला बंद होतं आणि सकाळी सहाला उघडतं. मधले नऊ तास कोणीही माणूस काय करेल? तिसऱ्या रकान्यात शौचालय चालवणाऱ्याचं नाव येतं, आणि रहिवासी आणि बेघर अशा दोघांच्या सह्यांचा अर्ज तयार होतो. नुसत्या कळकळीच्या भाषणाने हे घडत नाही.

‘कामं करत नाहीत’ याला एका माणसाच्या दिवसाचं वेळापत्रक लिहून उत्तर द्या, नाव न सांगता. पहाटे उठवलं जाणं, शौचालयाची रांग, पाण्याची रांग, सामान कुठे ठेवायचं याचा प्रश्न, हमाली किंवा भंगार वेचणं, जेवणाची रांग, रात्री जागा धरण्यासाठी लवकर परतणं. कामाला किती तास उरतात ते लोक स्वतःच मोजतात.

‘पैसे दिले तर दारूत जातात’ यावर एक अभ्यास हाताशी ठेवा. व्हँकूवरमध्ये २०१८ पासून पन्नास बेघर व्यक्तींना एकरकमी साडेसात हजार कॅनेडियन डॉलर दिले गेले, कोणतीही अट न घालता. तुलनेसाठी पैसे न मिळालेले ६५ जण होते. वर्षभरात पैसे मिळालेल्यांचे बेघर दिवस कमी झाले, दारू-सिगारेटवरचा खर्च मात्र वाढला नाही. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. सांगताना पूर्ण सांगा : गंभीर व्यसन असलेल्यांना या अभ्यासात घेतलं नव्हतं. अर्धवट सांगितलेला आकडा सभेतल्या एका जाणत्या माणसाने पकडला की बाकी सगळंही पडतं.

आता थोडं अवघड. ‘येऊन जेवण वाढा, म्हणजे गैरसमज जातील’ असं आपण रहिवाशांना सांगतो. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलं होतं की दोन गटांच्या संपर्काने पूर्वग्रह कमी होण्यासाठी काही गोष्टी लागतात : बरोबरीचा दर्जा, समान उद्दिष्ट, एकमेकांच्या मदतीने काम आणि वरच्यांचा पाठिंबा. वाढपाच्या रांगेत यांतलं पहिलंच नसतं. एकाच्या हातात पळी, दुसऱ्याच्या हातात ताट. वाढणारा घरी जातो तो ‘बिचारे’ हा शब्द घेऊन, आणि बिचारेपणा हाही एक शिक्काच. त्याऐवजी कामाची वाटणी बदला. भाज्या चिरायला, हिशेब लिहायला, रांग लावायला दोन्हीकडची माणसं एकत्र बसवा, आणि नियोजनाच्या बैठकीत बेघर असलेल्या किंवा पूर्वी असलेल्या दोघा-तिघांना बसवा. एकाला नको, एकटा माणूस नमुना होऊन बसतो. त्यांच्या वेळेचे पैसे द्या, जसे इतर कोणत्याही जाणकाराला दिले असते. कोणाला सभेत बोलायचं असेल तर प्रश्न आधी दाखवा आणि ऐन वेळी ‘नको’ म्हणायची मुभा ठेवा.

फोटोबद्दल नियम एकच : चेहरे नकोत. हातात जेवणाचं ताट देताना मागितलेली परवानगी ही परवानगी नसते. त्या फोटोतून घरच्यांना, मालकाला, मारणाऱ्या नवऱ्याला पत्ता लागू शकतो. लिहितानाही ‘उद्धार’, ‘मुख्य प्रवाहात आणणे’ असले शब्द टाळा. ‘बेघर’ हे त्या माणसाचं विशेषण आहे, तेही आजचं. नाम करू नका.

पायरी ८ : आपली घडी

स्वतःचा खासगी नंबर देऊ नका, गटाचा एक फोन ठेवा. उसने पैसे देऊ-घेऊ नका. फेरी संपली की पंधरा मिनिटं एकत्र बसा : काय राहिलं, कोणी घाबरलं का, पुढच्या वारी काय न्यायचं. एखादा माणूस दोन आठवडे दिसला नाही तर रुग्णालयांत चौकशी करा, पण समाजमाध्यमांवर नाव-फोटो टाकू नका. तो मुद्दाम निघून गेलेला असू शकतो.

आणि काम सोडायची वेळ आली तर तीन आठवडे आधी प्रत्येकाला स्वतः सांगा, नव्या माणसाला सोबत नेऊन ओळख करून द्या, आणि वही सोपवताना त्यात फक्त त्याला लागेल तेवढंच ठेवा : डावा मोजा सैल हवा, बुधवारी दुपारी नसतात, ऐकू उजव्या कानाने येतं, ‘काका’ म्हटलेलं आवडत नाही.